'पऱ्हाटी' लिहून दाखवा: एक मराठी फॉन्ट काढून तो नोंदवेपर्यंत

जानेवारी २०२४ मध्ये एक डीजेवाला दुकानात आला आणि माझी दोन वर्षं घेऊन गेला.

दुकान म्हणजे वर्धा जिल्ह्यातल्या आर्वीच्या बाजारातली दहा बाय बाराची खोली. फ्लेक्सचं डिझाइन, लग्नपत्रिका, रेडियम कटिंग, सातबाऱ्याच्या प्रिंटा, पीक विम्याचे फॉर्म, सगळं तिथंच. फ्लेक्स छापून अमरावतीहून येतो, मी फक्त डिझाइन करून पाठवते. ते पटाचे, म्हणजे बैलांच्या शर्यतींचे दिवस होते. डिसेंबर २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टानं बैलगाड्यांच्या शर्यतींना परवानगी दिल्यापासून आमच्याकडे शंकरपट पुन्हा जोरात सुरू झालेत. पट आला की फ्लेक्स आला, बक्षिसांची यादी आली आणि डीजे आला.

त्याच्या फ्लेक्सवर वर इंग्रजीत डीजेचं नाव होतं, खाली मराठीत गावाचं. तो स्क्रीनवर बोट ठेवून म्हणाला, "ताई, हे वरचं पाहा ना, कसं रॉकेट दिसून राह्यलं. आन खालचं मराठी पाहा, जसं सत्यनारायनाचं आमंत्रन. हे बी तसंच करून द्या ना."

मी म्हटलं, तसा फॉन्टच नाही. तो म्हणाला, "मंग बनवा. तुमीच त बनवता सगळं."

हसून विषय संपला. पण रात्री मी ते इंग्रजी अक्षर शोधत बसले. त्याचं घराणं इटलीचं निघालं. १९५२ चा मायक्रोग्रामा आणि त्याच्यातूनच आल्डो नोव्हारेसेनं १९६२ मध्ये काढलेला यूरोस्टाइल. जुन्या टीव्हीच्या काचेसारखा, कोपरे गोल केलेला चौकोन हा त्या अक्षराचा जीव. अंतराळाच्या सिनेमांनी तो उचलला आणि 'भविष्य' म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांसमोर तोच चौकोन यायला लागला. मराठीत मोकळ्या परवान्याचे चांगले फॉन्ट मिळतात, नाही असं नाही. 'एक टाइप' या संस्थेचा 'मोदक' इतका गुबगुबीत की पोटातल्या पोकळीची नुसती रेघ उरते. बालू हसरा आहे. पॉपिन्स भूमितीचाच, पण शहाण्या मुलासारखा. ऑफिसात शोभेल, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर नाही.

फेब्रुवारीत साठ रुपयांची ग्राफची वही आणली. माझा हिशोब असा की चौकोन एक, गोल एक, जाडी एक, आणि सगळी अक्षरं त्यातूनच काढायची. ट, ठ, ड, ढ, द ही शिरोरेषेला लटकलेली गोल मंडळी. ब, व, क यांचं पोट एकच. प आणि ष सख्खे भाऊ. त, न, ग, म यांच्या उजवीकडे सरळ काना. आठ दिवसांत बत्तीस अक्षरं काढून झाली. एवढं सोपं असेल तर लोक फॉन्टचे पैसे कशाला घेतात, असंही वाटून गेलं.

नवव्या दिवशी ती पानं भिंतीवर लावली. ठ इतरांपेक्षा लहान दिसत होता. शिरोरेषा कान्यापेक्षा जाड दिसत होती. ळ तर दोन टायर बांधून ठेवल्यासारखा. पट्टीनं मोजलं तर सगळं बरोबर!

आमच्या गल्लीच्या टोकाला एक जुने पेंटर राहतात. फ्लेक्स आल्यापासून त्यांचं काम बसलं. माझ्यासारख्यांमुळेच बसलं, हे त्यांनाही माहीत आहे आणि मलाही. तरी ते दुकानात येऊन चहा घेतात. त्यांनी भिंतीकडे पाहिलं आणि विचारलं, "कंपासानं काढलं का?"

"हो काकाजी."

"कंपास कागदाले असते. डोयाले नसते." मग माझाच मार्कर घेऊन त्यांनी ठ चा गोल खालच्या रेषेच्या किंचित खाली नेला आणि शिरोरेषेची जाडी एका बाजूनं खरडून कमी केली. दोन मिनिटांत ठ मोठा झाला आणि रेघ सारखी दिसायला लागली.

नंतर वाचताना कळलं की हे सगळे टाइप डिझाइनर करतात. गोल आकार रेषेच्या थोडा बाहेर न्यावा लागतो, नाहीतर तो चौकोनापेक्षा लहान भासतो. आडवी रेघ उभ्या रेघेइतकीच जाड ठेवली तर डोळ्याला जास्त जाड दिसते. १९२७ च्या फ्युचुरातसुद्धा, जो फॉन्ट निव्वळ वर्तुळ-त्रिकोणांचा म्हणून सांगतात, त्यातही असे फेरफार केलेले आहेत. माझ्या फॉन्टमध्ये आज १००० एककांच्या चौकटीत काना २०५ एकक जाड आहे आणि शिरोरेषा १७०. गोल खाली १२ एकक उतरतो. म्हणजे भूमितीचा फॉन्ट काढायचा असेल तर भूमितीला सारखं फसवत राहावं लागतं.

मार्च-एप्रिल वाया गेले. वाया म्हणजे पैशाच्या हिशोबानं नाही. २६ एप्रिलला आमच्याकडे लोकसभेचं मतदान होतं आणि प्रचाराच्या कामातून मान वर काढायला फुरसत नव्हती. (निवडणुकीच्या पत्रकावर मुद्रक-प्रकाशकाचं नाव-पत्ता टाकणं कायद्यानं बंधनकारक आहे. ती ओळ बारीक असते. मी हौसेनं माझ्या अर्ध्या-कच्च्या अक्षरात ती लावून पाहिली तर नुसती काळी मुंग्यांची रांग दिसली. जाडजूड शोभेचं अक्षर बारीक मजकुराला वापरू नये, हे तेव्हा पक्कं झालं. दीड इंचाच्या खाली हा फॉन्ट लावू नका, असं मी आता फाइलसोबत लिहूनच देते.)

जूनमध्ये कागदावरून कॉम्प्युटरवर आले. ग्लिफ्स नावाचं चांगलं सॉफ्टवेअर आहे, पण ते मॅकवरच चालतं आणि माझ्याकडे आठ जीबी रॅमचा जुना विंडोजवाला डबा आहे. म्हणून फॉन्टफोर्ज. फुकट आहे, मोकळं आहे, आणि मधूनच कुठलीही सूचना न देता बंद पडतं. वरून पावसाळ्यात आमच्याकडची लाइट. एकदा भ, म, झ, ण चार अक्षरं एकाच झटक्यात गेली. त्या दिवशी मी इन्व्हर्टरची बॅटरी बदलली, ११,५०० रुपये. या सगळ्या प्रकरणातला सगळ्यात मोठा खर्च तोच.

नवशिक्यांसाठी एक गोष्ट, जी मला दोन महिन्यांनी कळली. अक्षराचे तुकडे एकमेकांवर ठेवून अक्षर बनवता येतं, म्हणजे काना वेगळा, पोट वेगळं, शिरोरेषा वेगळी. पडद्यावर छान दिसतं. पण 'रिमूव्ह ओव्हरलॅप' करून ते एकजीव केलं नाही, तर रेडियमचा प्लॉटर प्रत्येक तुकडा वेगळा कापतो. माझं पहिलं रेडियम 'जय किसान' असं होतं आणि सोलायला घेतलं तर न चा काना वेगळा निघाला, पोट वेगळं. गिऱ्हाईक चांगलं होतं म्हणून हसलं.

२ सप्टेंबर २०२४ ला पोळा होता. एका गावच्या बैलजोडी सजावट स्पर्धेचा दहा बाय सहाचा फ्लेक्स मी पहिल्यांदा स्वतःच्या अक्षरात केला. पैसे घेतले नाहीत, कारण भरवसा नव्हता. फ्लेक्स वेशीवर लागला आणि मी स्कूटी थांबवून रस्त्याच्या पलीकडून पाहिला.

'मव्य बैलजोडी सजावट स्पर्घा.'

भ चा म झाला होता आणि ध चा घ. कागदावर फरक होता, स्क्रीनवरही होता. पण जाडी वाढवत गेलं की आधी मरतात त्या बारीक फटी, आणि भ-म, ध-घ यांच्यातला सगळा फरक त्या शिरोरेषेतल्या फटीवर आणि टोकाच्या गाठीवर उभा आहे. वर्धा जिल्ह्यातल्या बाईनं काढलेला फॉन्ट 'वर्घा' लिहितो, याहून लाजिरवाणं काय! गावात कुणालाच ते दिसलं नाही. लोक शब्द ओळखून वाचतात, अक्षर अक्षर लावत नाहीत. पण मला दिसलं ते दिसलं.

त्यानंतरचे दोन महिने फक्त फटी रुंद करण्यात गेले. ध आणि भ च्या गाठी मोठ्या केल्या, फट ९० एककांच्या खाली जाऊ द्यायची नाही असा नियम लावला. जिथे गोल पोट कान्याला मिळतं तिथे आतून थोडं कोरून काढलं, म्हणजे काळा डाग साचत नाही. तपासायची माझी पद्धत गावठी आहे. ए-फोरवर दोन इंचाचं अक्षर छापायचं, समोरच्या किराणा दुकानाच्या शटरला चिकटवायचं आणि आपल्या काउंटरवरून वाचायचं. मधे वीस पावलं रस्ता, त्यात धूळ आणि एसटी. तिथून ध चा ध दिसला की पास.

आता जोडाक्षरं. इथे बरेच जण सोडून देतात असं मी ऐकलं होतं, आणि का ते कळलं.

युनिकोड म्हणजे कॉम्प्युटरवर प्रत्येक अक्षराला ठरलेला नंबर देणारी पद्धत. तिच्या मुख्य तक्त्यात देवनागरीला १२८ जागा आहेत. पण फॉन्टमध्ये तेवढी चित्रं काढून भागत नाही. अर्धी अक्षरं, रफार, रकार, क्ष, ज्ञ, द्ध, ष्ट, ह्म, ही सगळी वेगळी काढायची आणि कोणतं कधी बसायचं त्याचे नियम लिहायचे. नियमांची जी फाइल असते तिच्यात चार-चार इंग्रजी अक्षरांची नावं असतात. सुरुवातीला मला ती परग्रहावरची भाषा वाटली. मग एक दिवस 'ए-के-एच-एन' चा अर्थ वाचला: अखंड! तसंच रेफ, रकार, नुक्ता, हलंत. सगळी आपलीच मंडळी, फक्त स्वर काढून उभी केलेली. त्या दिवशी माझी निम्मी भीती गेली.

चाचणीसाठी इंटरनेटवर मिळणाऱ्या याद्या बहुतेक हिंदीच्या असतात. मी एसटीच्या पाट्या घेतल्या. आर्वीत दीर्घ वेलांटीवर रफार. मोर्शीत तेच, शिवाय श. मूर्तिजापूर सगळ्यात खट, कारण ऱ्हस्व वेलांटीची कमान आणि रफार एकमेकांच्या अंगावर येतात. दारव्ह्यात व्ह, दिग्रसमध्ये ग्र, आष्टीत ष्ट, ब्रह्मपुरीत ब्र आणि ह्म दोन्ही. हिंगणघाटात घ. चंद्रपुरात अनुस्वारापाठोपाठ द्र. ही गावं नीट उमटली की निम्मं व्याकरण झालं. रफार, वेलांटी आणि अनुस्वार एकत्र आले तर जाड अक्षरात वर जागाच उरत नाही, म्हणून त्या तिघांची जुळलेली वेगळी चित्रं काढावी लागली. एकूण ४१२ चित्रं झाली.

ल आणि श चं एक सांगते. मराठीचा ल आणि श हिंदीपेक्षा वेगळ्या वळणाचे. पुष्कळ फॉन्टांत हिंदी वळण मूळ असतं आणि मजकूर 'मराठी' आहे असं सॉफ्टवेअरला सांगितलं तरच मराठी वळण येतं. ते सांगायला कोण बसतंय? मी उलट केलं. मराठी वळण मूळ, हिंदी हवं असेल त्यानं सांगावं.

आणि अर्धा ऱ. विदर्भातल्या फ्लेक्सवर सगळ्यात जास्त येणारा शब्द कोणता असेल तर 'शेतकऱ्यांच्या'. हा अर्धा र य च्या आधी लहानशी कोयरी होऊन बसायला हवा. फॉन्टमध्ये त्याची सोय नसली की टाइप करणारे रफारावर भागवतात, तो डोक्यावर चढतो आणि 'शेतकर्यांच्या' होतो. मोठमोठ्या पुढाऱ्यांच्या फ्लेक्सवर पाहा, हमखास दिसेल. फॉन्टचं नाव मी त्याच्यावरूनच ठेवलं. आमच्याकडे कपाशीच्या झाडाला पऱ्हाटी म्हणतात. ज्या फॉन्टमध्ये अर्धा ऱ नाही त्याला हे नाव लिहिताच येत नाही. (गंमत म्हणजे आम्ही वऱ्हाडी माणसं बोलताना ळ चा य करतो, पोळ्याला पोया म्हणतो. तरी ळ काढायला मला सगळ्या अक्षरांत जास्त वेळ लागला. सहा दिवस.)

जानेवारी २०२५ मध्ये मी चाचणीची टीटीएफ, म्हणजे फॉन्टची तयार फाइल डिझाइनवाल्यांच्या एका व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये टाकली. चुका सांगा म्हटलं. तिघांनी चुका सांगितल्या, बाकीच्यांनी अंगठे दिले. फेब्रुवारीच्या शेवटी एका मैत्रिणीनं स्क्रीनशॉट पाठवला: '५०० स्टायलिश मराठी फॉन्ट, फक्त १९९ रुपये'. त्यात माझी पऱ्हाटी, नाव बदलून. कोणी केलं ते सांगत नाही. सांगून उपयोगही नाही.

दोन दिवस चिडचिड झाली, सासूबाईंनी विचारलं कोण मेलं म्हणून. मग कागदपत्रांच्या मागे लागले. इथून पुढचं जरा नीट वाचा, कारण हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

पहिली वाट डिझाइन नोंदणीची दिसली. त्यांच्या वर्गीकरणात अक्षरसाच्यांसाठी १८-०३ असा उपवर्गसुद्धा आहे. पण २००० च्या डिझाइन कायद्यात अट अशी की अर्जाआधी ते कुठेही प्रसिद्ध झालेलं नसावं. मी तर पोळ्याला वेशीवर टांगून बसले होते, वर ग्रुपमध्ये वाटलेलं. ही वाट माझ्यापुरती बंद. तुम्ही नवीन काही काढत असाल तर छापण्याआधी, फॉरवर्ड करण्याआधी एकदा याचा विचार करा.

दुसरी वाट कॉपीराइटची. नुसत्या अक्षराकृतीला आपल्याकडे कॉपीराइट धरत नाहीत, पण फॉन्टची फाइल हा कॉम्प्युटर प्रोग्राम म्हणून मांडता येतो, आणि १९५७ च्या कायद्यात प्रोग्राम 'साहित्यकृती'त मोडतो. म्हणजे माझी नियमांची फाइल आणि एखादी कादंबरी एकाच रकान्यात. कॉपीराइट नोंदवला नाही तरी असतोच, नोंदणी फक्त पुरावा म्हणून. तरी मला तो कागद हवा होता.

अमरावतीच्या एका एजंटनं १२,००० सांगितले आणि अर्जाचा मसुदा व्हॉट्सॲपवर पाठवला. त्यात फॉन्टचं नाव 'पर्हाटी' होतं. मी म्हटलं, राहू द्या, मीच भरते.

७ एप्रिल २०२५ ला रात्री साडेदहाला, नेट बरं चालतं तेव्हा, ऑनलाइन अर्ज भरला. फॉर्म १४, त्याला दोन विवरणपत्रं, फी ५०० रुपये. विवरणपत्रात 'कृतीची भाषा' असा एक रकाना आहे. मराठी अक्षरांचा फॉन्ट, नियम इंग्रजी खुणांत लिहिलेले, आत सगळे आकडे. पंधरा मिनिटं विचार करून इंग्रजी लिहिलं. चालून गेलं. प्रसिद्धीची तारीख म्हणून ग्रुपमध्ये फाइल टाकली तो दिवस दिला. फी भरली की लगेच डायरी नंबर मिळतो. तो जपून ठेवा, पुढे सगळी चौकशी त्याच्यावरच.

मग ३० दिवस सक्तीची वाट. कुणाला हरकत घ्यायची असेल तर घ्यावी म्हणून. त्या ३० दिवसांत मी रोज सकाळी स्टेटस पाहायचे, जसं दहावीच्या निकालाला. ते बदलत नाही, पाहू नका. जूनमध्ये त्रुटीचं पत्र आलं आणि पोटात गोळा आला. वाचलं तर चूक माझीच. मी अक्षरांची चित्रं जोडली होती, सोर्स कोड नव्हता. नियम असा की प्रोग्रामच्या कोडची पहिली १० आणि शेवटची १० पानं द्यायची, काहीही काळं न करता. एकूण २० पानांपेक्षा कमी असेल तर सगळा द्यायचा. उत्तराला ३० दिवसांची मुदत.

आता फॉन्टचा सोर्स कोड म्हणजे काय? फॉन्टफोर्जची मूळ फाइल ही साधी टेक्स्ट फाइल असते. नोटपॅडमध्ये उघडली तर आकड्यांचा समुद्र, प्रत्येक अक्षराच्या प्रत्येक वळणाचा बिंदू. तिची पहिली १० आणि शेवटची १० पानं पीडीएफ केली. जोडाक्षरांच्या नियमांची फाइल चौदा पानांची झाली, ती पूर्ण दिली. सोबत अर्ध्या पानाचं साधं पत्र, काय कशाचं आहे ते सांगणारं. वकिली भाषा वापरली नाही, येतही नाही. पाच दिवसांत पाठवलं. दाखला ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात मिळाला. मधल्या चार महिन्यांत कुणी काही विचारलं नाही आणि मीही स्टेटस पाहणं सोडलं होतं.

नावाची नोंदणी वेगळी, ती ट्रेडमार्कमध्ये. फॉर्म टीएम-ए, वर्ग ९, ऑनलाइन ४,५०० रुपये. मोठ्या कंपनीला ९,००० लागतात, एकट्या माणसाला ४,५००. त्या सवलतीसाठी उद्यम नोंदणी (लहान धंद्याची सरकारी नोंदणी) लागतेच असं मला एकानं छातीठोक सांगितलं होतं. एकटा माणूस स्वतःच्या नावानं भरत असेल तर लागत नाही. डिजिटल सिग्नेचर १,६०० रुपयांना पडली. मराठी शब्द असल्यामुळे त्याचं लिप्यंतर आणि अर्थ द्यावा लागतो. 'कॉटन प्लँट' असं लिहिताना पऱ्हाटीला कोट-टाय घातल्यासारखं वाटलं. ते प्रकरण अजून चालू आहे. परीक्षण अहवाल आला, त्यालाही उत्तराची मुदत ३० दिवसांचीच, मी दिलं. पुढे जर्नलमध्ये छापून आल्यावर चार महिने हरकतीसाठी थांबायचं.

फॉन्ट मात्र मी २२ ऑगस्ट २०२५ ला, त्या वर्षीच्या पोळ्याच्या दिवशी, फुकटच सोडला. एसआयएल या संस्थेचा ओपन फॉन्ट परवाना आहे, आवृत्ती १.१, २००७ ची. त्यानुसार कुणीही वापरावा, धंद्यालाही वापरावा, बदल करावा. पण नुसता फॉन्ट विकायचा नाही, आणि राखीव नाव ठेवलं असेल तर बदललेल्याला तेच नाव द्यायचं नाही. लोक विचारतात, फुकटच द्यायचं तर नोंदणीचा उपद्व्याप कशाला? अहो, परवाना उभाच कॉपीराइटवर राहतो. शेत माझं आहे म्हणून तर मी पाऊलवाट देऊ शकते.

खरं सांगायचं तर विकायचाही विचार केला होता. पण आमच्याकडच्या दुकानांत फॉन्ट विकत घेतात कोण? सगळे पेनड्राइव्हवरून फिरतात. शिवाय बहुतेकांच्या कोरलमध्ये, म्हणजे डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये, जुने, युनिकोड नसलेले फॉन्ट भरलेले असतात, ज्यांत मराठी चित्रं इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेली. तिथं माझा फॉन्ट टाकला की वेलांट्या उड्या मारतात. त्यांना मी हे सांगते: इंकस्केप या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये मजकूर टाइप करा, 'ऑब्जेक्ट टू पाथ' करा आणि तो आकार पीडीएफनं कोरलमध्ये न्या. जुन्या फोटोशॉपवाल्यांनी 'वर्ल्ड-रेडी लेआउट' चालू करावं, नाहीतर जोडाक्षरं तुटतात.

वापर कुठे झाला? सगळ्यात जास्त रेडियमला, हे मला अपेक्षित नव्हतं. जाड, सरळ टोकं असल्यामुळे उन्हा-पाण्यात कडा सुटत नाहीत. बारीक शेपटीचे फॉन्ट ट्रॉलीवर एका पावसाळ्यात सोलून निघतात. कबड्डीच्या एका संघानं मराठी आकडे जर्सीवर लावले. ५ आणि ६ लांबून सारखे दिसतात अशी तक्रार आली, ती खरी होती, दुरुस्त केली. एका जिनिंगवाल्यानं कपाशीच्या बोंदऱ्यांवर, म्हणजे पोत्यांवर, ठप्पा मारायला पत्र्याची जाळी मागितली. पत्रा कापला की ठ, ढ, व यांच्या पोटातला तुकडा निखळून पडतो. म्हणून प्रत्येक पोटाला दोन पूल टाकलेली वेगळी आवृत्ती केली. त्याचे मी २,००० रुपये घेतले. या फॉन्टची आजवरची रोख कमाई तेवढीच. तो मूळचा डीजेवाला परत आला नाही. त्यानं धंदा बदलला, आता ड्रोननं फवारणी करून देतो म्हणे.

परवा पुलगावला जाताना एका फाट्यावर फ्लेक्स दिसला. काळी चौकट, मधे एका आजोबांचा फेट्यातला फोटो, आणि खाली हातभर मोठ्या, रॉकेटसारख्या अक्षरांत 'भावपूर्ण श्रद्धांजली'. पऱ्हाटीत. मला आधी हसू आलं, मग फार ओशाळल्यासारखं झालं. आजोबांचं घर तिथून जवळच असणार.

तरी स्कूटी थांबवून मी पाहिलंच. भ चा भ होता. श मराठी होता. द्ध च्या आतली फट मात्र रस्त्याच्या पलीकडून बुजत होती. घरी येऊन ती १४ एककांनी वाढवली.